न्योकचं काळीज

नाताळ जवळ आला की न्कोलमेंडोच्या बायका दोन गोष्टी बाहेर काढायच्या. एक, माळ्यावरची मोठी पातेली. आणि दुसरी, बिलोआ.

पातेली राखेनं घासून उन्हात उपडी घालायची, आणि बिलोआला निरोप धाडायचा, "पोरं जमवतोय, तू ये." मग नाताळच्या दिवशी माणसं चर्चमधून परतली की गावातली सगळी लहान पोरं थोरल्यांच्या बैठकीच्या छपरासमोर आंब्याखाली ओळीनं बसवायची. बिलोआनं त्यांच्यापुढं उभं राहून सांगायचं, की तिनं आपल्या पोरीला काय खाऊ घातलं आणि पोरीचं काय झालं. सांगून झालं की पोरांना भात आणि टोमॅटोतली कोंबडी. इतकी वर्षं हे चाललेलं, की पोरांच्या लेखी नाताळ म्हणजे येशूचा जन्म, बिलोआकाकीची गोष्ट आणि मग कोंबडी.

न्योक हे जनावर दिसायला काही भयंकर नाही. सशाएवढं, तपकिरी, केसाळ, उंच झाडाच्या ढोलीत राहणारं. पण रात्रीचं त्याचं ओरडणं एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही. आधी दार करकरल्यासारखं, मग कुणी गळा आवळल्यासारखं, मग किंकाळी चढत चढत जाते आणि एकदम तुटते. म्हणून ते मांस म्हाताऱ्यांचं. ज्यांचं ओरडून, तडफडून सगळं झालंय, त्यांनी खावं. तरण्या बाईनं तोंडात घालू नये आणि पोरानं तर नाहीच नाही. पोरानं खाल्लं तर जनावर पोटात घर करतं. मनाला येईल तेव्हा आतून ओरडतं. पोर ताठ होतं, किंकाळी फोडतं आणि पडतं.

बिलोआची पोर सोलांज तशीच पडत होती.

हे सुरू झालं त्या वर्षी बिलोआचा नवरा त्साला वारला होता. झाडावरून पडून गेला, कोकोच्या हंगामात. नाताळच्या शिकारीचा वाटा निघतो तो घरातल्या पुरुषाच्या नावानं, आणि बिलोआच्या घरात नाव घ्यायला पुरुष उरला नव्हता. कुणी मुद्दाम केलं असं नाही. वाटे घालणाऱ्यानं नावं घेतली, त्सालाच्या नावाशी क्षणभर थांबला, आणि पुढं गेला. पण बिलोआच्या हाताला चव होती. रानआंब्याच्या बाठीचा रस्सा तिच्यासारखा पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. म्हणून थोरल्यांचं न्योक शिजवायला मात्र तिच्याचकडं आलं.

सात वर्षांची सोलांज चुलघराच्या उंबऱ्यावर बसलेली. वास नाकात, डोळे पातेल्यात.

"आई, आपला वाटा कुठं हाय?"

"येईल."

"कोण आणणार?"

"येईल म्हटलं ना! जा, सरपण आण."

पोर सरपण घेऊन आली आणि पुन्हा तिथंच बसली. रडली नाही. रडली असती तर बिलोआनं एक धपाटा घातला असता आणि सगळं निभावलं असतं. ती नुसती गिळत होती, तोंडात काही नसताना. बिलोआनं दाराकडं पाहिलं, डावानं काळजाचा अंगठ्याएवढा तुकडा उचलला, फुंकला आणि पोरीच्या तोंडात घातला. सोलांजनं डोळे मिटून खाल्लं. मग आईची बोटं चाटली. ती म्हणाली, "एवढं चांगलं मी कधीच न्हाई खाल्लं."

पाऊसकाळ सरता सरता सोलांज नदीवर पाण्याला गेली आणि तिथंच पडली. सानागा नदीच्या काठावर काळ्या बारीक माश्या असतात, तिळाएवढ्या. चावल्या की घोट्यावर रक्ताचा ठिपका उमटतो. बायका पाणी भरता भरता एक हात घोट्यावर मारत राहतात, त्यात काही नवल नाही. त्या दिवशीही मारत होत्या. पोर पडली, तेव्हा त्यांनी घागरी टाकल्या, पण तिला कुणी हात लावला नाही, कारण तोंडाचा फेस अंगाला लागला की आजार लागतो. फेस वाळल्यावर तिला उठवलं आणि गावाचा पहिला सवाल विचारला. कुठं लागलं, हे नाही. "काय खाल्लंस?"

उत्तर बिलोआनं दिलं. कुणी तिला धरलं नव्हतं, मारलं नव्हतं. ती आपणहून थोरल्यांपुढं गेली, गुडघ्यांवर बसली आणि काळजाचं सगळं सांगितलं. थोरल्या दिरानं, न्कोदोनं, तोंडातला पाइप काढला. मग म्हणाला, "खरं बोललीस, एवढं तरी केलंस. आता हेच पोरांना सांगत जा. बाकीची तरी वाचतील."

बाकीची वाचली का? शेजारच्या झोआचा मुलगा पडला. झोआनं चर्चमध्ये शपथ घेतली, की पोरानं न्योकचं नखसुद्धा खाल्लं नाही. मग कुणाला तरी आठवलं, की त्यानं एकदा पातेलं घासलं होतं. पातेलं घासताना बोट चाटलं नसेल कशावरून? शेवटी झोआलाही तसं वाटू लागलं, आणि तिनं कबूल केलं. नदीकाठच्या न्गा म्हातारीची नात पडली, तर तिच्या बापानं पोटुशा बायकोला रस्सा दिला असणार असं ठरलं. बाप मरून गेला होता, तो काय नाही म्हणणार! उत्तर आधीच ठरलेलं, माणसं फक्त तिथवरची वाट शोधत होती.

मांत्रिक म्हणाला, जनावराला उपाशी मारायचं. पोरीच्या तोंडात मांसाचा कण जाता कामा नये. कोंबडी नाही, मासा नाही, सुकटसुद्धा नाही. भूक लागली की ते आपोआप बाहेर पडेल. सोलांज कसावाच्या कंदाची कांडकी आणि पाला खाऊन वाढली. वाढली म्हणायचं एवढंच. तिचं ताट वेगळं, ॲल्युमिनियमचा एक वाडगा, कानाला लाल चिंधी बांधलेला, म्हणजे चुकून कुणी उचलू नये. एकदा ती चुलीत पडली. बिलोआ कोकोच्या बागेत होती. बायका दारात उभ्या राहून ओरडत राहिल्या. तेव्हापासून सोलांजचा डावा पंजा मिटलेला तो मिटलेलाच.

मधे एकदा दवाखान्याची सिस्टर मोटरसायकलवर आली होती. तिनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. तो सबंध उन्हाळा सोलांज एकदाही पडली नाही. हसायला लागली, चर्चच्या गाण्यात उभी राहायला लागली. तेव्हा मांत्रिक बिलोआला म्हणाला, "गोळ्यांनी जनावर झोपतं गं. मरत न्हाई. झोपेत वाढतं. उठंल तेव्हा केवढं होऊन उठंल?" बिलोआनं तेच सोलांजला सांगितलं आणि उरलेल्या गोळ्या नदीत टाकल्या. सिस्टर पुन्हा आली तेव्हा चिडली.

"अगं, हे फेफरं आहे. या नदीच्या काठानं गावोगाव अशी पोरं आहेत. सगळ्यांनी काय न्योक खाल्लं?"

"चोरून खाल्लं असंल, बाई," बिलोआ म्हणाली. "मी नव्हतं का दिलं चोरून?"

आता सोलांज वीस वर्षांची होती, आणि दिसायला बारा-तेराची.

त्या नाताळला न्कोदोचा मुलगा सेराफँ राजधानीहून, याउंदेहून आला. गाडी, गोरीगोमटी बायको, खोकंभर लाल वाइन आणि सात वर्षांची ओर्नेला, केसांत मणी ओवलेली. सेराफँला आल्याआल्या सगळ्या गावाला शहाणं करायची घाई. आंब्याखाली पोरं बसली, बिलोआनं सांगितलं. तिला आता शब्द शोधावे लागत नसत. रोजच्या प्रार्थनेसारखे ते जिभेवर येत. "काळजाचा तुकडा व्हता. अंगठ्याएवढा. मी म्हटलं एवढ्यानं काय व्हतंय…" पोरं तोंडात बोटं घालून ऐकत होती, आणि अधूनमधून चुलघराकडं, सोलांज बसली होती तिकडं, बघत होती.

सांगून संपलं तसा सेराफँ उठला.

"बाबा, किती वर्षं चालायचं हे? या बाईला दर नाताळला उभं करता, लाज नाही वाटत?"

"आमी उभं करतो? ती आपल्या पायानं येते," न्कोदो म्हणाला.

"आणि पोरांना काय, डब्यातली सार्डिन आणि फार्मची कोंबडी! न्योकच्या मांसासाठी शहरात लोक रांगा लावतात. आपलं ते आपल्या पोरांनी खायचं नाही?"

"शहरात लई काय काय खातात," त्याची आई अंबानी आतून ओरडली. "तुझ्या शहरात लोक केस बी सरळ करून घेतात. आमी केले का?"

बायका हसल्या. सुनेनं केसांवरून हात फिरवला.

"पोरांना रानातलं मांसच देऊ नये असं म्हण हवं तर," झोआ हळूच म्हणाली. "कुठलंच. कशात काय असतं कुणाला ठावं?"

"मग नाताळ कशापायी करायचा? पाला खाऊन?" एक म्हातारा म्हणाला. "ससा द्या, साळिंदर द्या, कोण नको म्हणतंय. पर जे आमचं ते आमचं. पोरांनी थांबावं. आमी न्हाई थांबलो? मी पन्नास वरसं वास घेतला, मग एक हाड मिळालं."

"म्हणजे हेच खरं कारण!" सेराफँ टाळी वाजवत म्हणाला. "वाटेकरी नकोत तुम्हाला!" आणि त्यानं थोरल्यांच्या पातेल्यात हात घातला, एक तुकडा काढला आणि ओर्नेलाच्या तोंडासमोर धरला. "खा, माझे आई."

"सेराफँ!" न्कोदो उभा राहिला.

ओर्नेलानं तोवर खाल्लं होतं. सगळं अंगण तिच्या जबड्याकडं बघत होतं. तिनं चावलं, गिळलं, ओठ पुसले.

"बकरीसारखं लागतं," ती म्हणाली. "अजून आहे?"

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. न्कोदो आपल्या पातेल्याकडं बघत खाली बसला. बिलोआ तेवढी उभी होती, हात पोटाशी धरून. तिला वाटत होतं, धावावं, पोरीच्या घशात बोट घालावं, ओकायला लावावं. आणि त्या वाटण्याच्या खाली, तळाशी, दुसरंच काहीतरी हललं. ते तिनं त्या दिवशी बघितलं नाही.

गाडी गेली. बिलोआ वाट बघू लागली. याउंदेहून फोन आला की अंबानीच्या दारात जाऊन उभी राहायची.

"ओर्नेला बरी हाय नव्हं?"

"बरी हाय."

"पडली-बिडली न्हाई?"

"न्हाई गं बाई! पहिला नंबर आला तिचा." अंबानीनं पाखडायचं सूप खाली ठेवलं. "कितींदा विचारशील? माझ्या नातीचं वाईट चिंततीस का काय?"

बिलोआ परतली. वाटेत कोकोच्या झाडाखाली बसली आणि तळाशी हललेलं ते आता तिनं नीट बघितलं. हो, चिंतत होती. पोर पडावी. एकदाच, गादीवर, कुठं न लागता पडावी. नाही पडली तर? मग अंगठ्याएवढ्या त्या तुकड्यानं सोलांजचं काहीच केलं नव्हतं. मग तेरा वर्षं पोरीला मासाही न देणं, नदीत गोळ्या टाकणं, त्या एका उन्हाळ्यातलं हसणं पुसून टाकणं, हे सगळं कुणी केलं? मांस देणारी आई एक दिवसाची होती. ही दुसरी, उपाशी ठेवणारी, रोजची होती.

पाऊसकाळ आला, सरला. ओर्नेला पडली नाही.

मग बिलोआ उठली आणि दवाखान्यात चालत गेली. सिस्टर म्हातारी झाली होती. तिनं ओळखलं, रागावली नाही. त्याचंच बिलोआला वाईट वाटलं.

"मला वाटतं माश्यांमुळं होतं हे," सिस्टर म्हणाली. "काठावरच्या त्या काळ्या. पक्कं कुणी सांगेल न सांगेल. पण मांसानं होत नाही, एवढं माझ्याकडून लिहून घे."

"मग मी दिलेलं काळीज?"

"पोरीला भूक लागली होती. तू खायला दिलंस. बाकी काय?"

बिलोआ घरी येईपर्यंत हे वाक्य तोंडात घोळवत आली, आणि तिला ते गिळता येईना. गोळ्यांची पुडी तिनं सोलांजसमोर ठेवली आणि माश्यांचं सांगितलं.

सोलांजनं पुडीला हात लावला नाही. "ह्यांनी ते झोपतं," ती म्हणाली. "आणि वाढतं. तूच म्हणालीस."

"मी खोटं म्हणाले."

"तेव्हा खोटं म्हणालीस का आता?"

रोज एक गोळी बिलोआ कसावाच्या कांडकीवर ठेवायची. रोज सोलांज ती बाजूला काढून कांडकी खायची. भांडण नाही, त्रागा नाही. जनावराला उपाशी मारण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि आता ते मरायला टेकलंय असं तिचं म्हणणं होतं. परवा पडले तेव्हा आवाज बारीक होता, ती म्हणायची. बारीक झाली होती ती स्वतः.

पुन्हा नाताळ आला. पातेली निघाली. निरोप आला, "पोरं जमवतोय, तू ये." सेराफँची गाडी येऊन आंब्याखाली लागली आणि ओर्नेला उडी मारून उतरली, वीतभर उंच झालेली, पुढच्या दोन दातांच्या जागी नवे मोठे दात. बिलोआनं तिला डोळे भरून बघितलं. दृष्ट लागावी अशी पोर. एवढी धडधाकट.

चर्चमधून परतल्यावर ती आंब्याखाली गेली नाही. थोरल्यांच्या छपरात गेली.

"मला वाटा पाहिजे," ती म्हणाली. "मी बी आता म्हातारी. काळीज द्या."

न्कोदोनं तिच्याकडं बघितलं. गेल्या वर्षी भर अंगणात मुलानं त्याची जी शोभा केली होती ती त्याच्या मनातून गेली नव्हती, आणि नियमाप्रमाणं मागणारं कुणीतरी आलं याचाच त्याला आधार वाटला असावा. त्यानं काळीज पानावर घातलं. पहिल्यांदा तिच्या हातात वाटा पडत होता, तिच्या स्वतःच्या नावानं.

चुलघरात जाऊन तिनं ते लाल चिंधीच्या वाडग्यात ठेवलं आणि सोलांजच्या पुढ्यात सरकवलं.

"खा."

सोलांज मागं सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकली.

"खा माझे बाई. काय व्हत न्हाई त्यानं. कधीच झालं नव्हतं. ओर्नेलाला बघितलंस ना? खाऊन वरीस झालं तिला. तुला आवडलं व्हतं गं. बोटं चाटली व्हतीस माझी."

"आई," सोलांज म्हणाली, "आत न्योक न्हाई तर मग आत कोण हाय?"

बिलोआनं वाडगा उचलून हातात घेतला.

"माश्या चावल्या म्हणून मी अशी? सगळ्यांनाच चावतात. तुला बी चावतात. तू का न्हाई पडलीस?" तिनं मिटलेला पंजा चांगल्या हातात धरला होता. "मी खाल्लं म्हणून मी पडते. ते उपाशी मेलं की मी उठणार. एवढंच मला ठावं हाय. ते बी नेतीस व्हय?"

बाहेरून न्कोदोची हाक आली, "बिलोआ! पोरं खोळंबली! भात गार व्हतोय!"

बिलोआ हलली नाही. सोलांज उठली. भिंतीला धरून उभी राहिली, परकर झटकला, आणि बिलोआला काही कळायच्या आत अंगणात गेली.

पोरं दचकून मागं सरली. सोलांज आंब्याच्या बुंध्याला टेकली आणि बोलू लागली. बिलोआचे सगळे शब्द तिला पाठ होते, पण तिच्या तोंडी ते वेगळे लागत होते. "काळजाचा तुकडा व्हता. अंगठ्याएवढा. लई गोड लागला." तिनं मिटलेला पंजा वर करून दाखवला. "मी तुमच्याएवढीच व्हते." भाताच्या पातेल्यापाशी उभ्या बायकासुद्धा डाव हातात धरून थांबल्या.

ओर्नेलानं हात वर केला, शाळेत करतात तसा.

"पण मी खाल्लं होतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. मला काही झालं नाही."

सोलांज तिच्याकडं बघून हसली. कुत्सितपणा नव्हता त्यात, चीडही नव्हती. थोरली बहीण धाकटीकडं बघून हसते तसं ती हसली.

"थांब," ती म्हणाली. "कधी कधी उशीर लागतो."

ओर्नेलाशेजारची दोन पोरं सरकली. मग त्यांच्या पलीकडची. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ओळीत ओर्नेलाच्या दोन्ही बाजूंना मोकळी माती दिसू लागली. सेराफँ गाडीपाशी वाइनचं खोकं फोडत होता, त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

बिलोआ चुलघराच्या दारात आली होती, हातात वाडगा. एक हाक मारायची होती फक्त. खोटं हाय, पोरांनो. मी सांगते, मला ठावं हाय. तिनं तोंड उघडलं. आंब्याच्या बुंध्याशी सोलांज ताठ उभी होती, न पडता, सगळ्या गावापुढं, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा गाव तिच्या तोंडाकडं न घाबरता बघत होतं. तिच्याकडं एवढी एकच गोष्ट होती. ती घेतली तर तिच्या हाती काय ठेवायचं, हे बिलोआला सुचेना. तिनं तोंड मिटलं.

"झालं," न्कोदो म्हणाला. "शाब्बास. वाढा पोरांना."

बायकांनी भात वाढला, त्यावर लाल रस्सा, कोंबडीचा एकेक तुकडा. पोरं तुटून पडली. ओर्नेलाच्या पुढ्यात ताट आलं तेव्हा तिनं आधी आपल्या दोन्ही बाजूंची रिकामी माती बघितली, मग आपलं पोट हातानं चाचपलं, एकदा, पुन्हा एकदा, आत काही आहे का बघितल्यासारखं.

"खा ना, बाळा," अंबानी म्हणाली. "पाय आहे कोंबडीचा. तुला आवडतो."

"मला भूक नाही," ओर्नेला म्हणाली, आणि ताट दूर सारलं.